वय ६६, बुलेट १९९४ची: काय सोडायचं, काय ठेवायचं

वाचकाचं पत्र: माझं वय ६६. साताऱ्यात राहतो. १९९४ची बुलेट ३५० आहे, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. आठवड्यातून तीनचार वेळा मेढ्याकडच्या शेतावर जातो, बाजार आणि बँकही तिच्यावरच. वर्षभरात गाडी दोनदा अंगावर आली, दोन्ही वेळा जवळजवळ उभी असताना. एकदा पेट्रोल पंपावर वळताना, एकदा यवतेश्वरच्या घाटात गर्दीमुळे थांबलो तेव्हा. डिसेंबरच्या सुरुवातीला शेतावरून रात्री परतताना समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले आणि उसाची ट्रॉली अगदी पुढ्यात आल्यावर दिसली. बीपीसाठी टेल्मिसार्टन, साखरेसाठी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड, अ‍ॅस्पिरिन ७५ आणि रात्री प्रोस्टेटची टॅमसुलोसिन चालू आहे. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची सुरुवात सांगितली होती. मुलगा म्हणतो, गाडी विका, नाहीतर एबीएसवाली नवी बुलेट घेऊन देतो. सौ. काही बोलत नाही, पण मागे बसायचं टाळते. मित्र फेब्रुवारीत आंबोलीमार्गे गोव्याला निघालेत. माझं लायसन्सही फेब्रुवारीतच संपतंय. जाऊ, की आता थांबू?

नमस्कार.

गाडी आज विकू नका. रात्रीची गाडी मात्र आजपासून बंद करा, आणि मागे कुणाला बसवणंही सध्या बंद. नवी बुलेट घेऊ नका. गोव्याचं उत्तर तुमच्या डोळ्यांच्या तपासणीवर आणि मोकळ्या मैदानावरच्या दोन सकाळींवर अवलंबून आहे, म्हणून ते शेवटी.

घरात वाद होतो तो ‘चालवायची की नाही’ असा, आणि तिथेच तो अडकतो. धोका असा एकसंध नसतो. सकाळी दहाला कोरड्या रस्त्यावरून एकट्याने बँकेत जाणं आणि रात्री आठला ऊसगाड्यांच्या रस्त्यावरून परतणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुचाकीचा धोका मुळातच मोठा, हे खरं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. पण त्या धोक्याचे काही तुकडे असे आहेत की ते काढून टाकले तर तुमचं फारसं काही अडत नाही. रात्र हा त्यांतला सगळ्यांत मोठा.

ती ट्रॉली का दिसली नाही, ते नीट बघू. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या मानाने साधारण एक-तृतीयांश उरतो. बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही आणि भिंग पिवळसर, धूसर होत जातं. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा झोत त्या धूसर भिंगात विखुरतो आणि सगळं दृश्य दुधाळ होतं. झोत निघून गेल्यावर डोळे सावरायलाही जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तुम्ही चालत्या गाडीवर अंदाजाने पुढे जात असता. आता गाडीचा हिशेब करा. वेग ताशी ६० धरला, तर तो सेकंदाला १६.७ मीटर. अंधारात अनपेक्षित वस्तू ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरले तर ३३ मीटर तिथेच गेले. पुढे चांगले जुळवलेले ड्रम ब्रेक, कोरडं डांबर आणि दोन्ही ब्रेक नीट वापरले, तर आणखी २८ मीटर. एकूण ६१. जुन्या हेडलाइटच्या डिपरचा कामाचा उजेड असतो ४०-५० मीटरचा. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हा थांबायला अंतर उरलेलंच नव्हतं. तुम्ही बहुधा बाजूने निघालात म्हणून वाचलात. त्यात तुमच्या कौशल्याचा प्रश्न नव्हता, ते अंतरच कमी होतं.

कधी शेतावर उशीर झालाच आणि यावंच लागलं, तर ४०च्या वर नको. त्या वेगाला दोन सेकंद धरूनही साधारण ३५ मीटरमध्ये गाडी थांबते, म्हणजे उजेडाच्या आत. समोरून झोत आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्या आणि रेस लगेच कमी करा. रात्रीसाठी म्हणून मिळणारे पिवळे चष्मे घेऊ नका, ते उरलेला उजेडही कमी करतात. हेल्मेटची काच मात्र नवी बसवा. दिवसा न दिसणारे तिचे बारीक ओरखडे रात्री प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याचं जाळं काढतात. आणि हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब कोंबू नका. रिफ्लेक्टर मूळच्या बल्बच्या तारेसाठी आखलेला असतो, त्यात एलईडीचा उजेड भलतीकडे पसरतो. त्यापेक्षा वायरिंग, अर्थिंग आणि बल्बचं होल्डर साफ करून घ्या. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी सरळ उभी करा, तुम्ही वर बसा. डिपरच्या झोताची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली पडली पाहिजे.

तरीही, ऊसतोडीचा हंगाम सुरू झाल्यापासून मार्चपर्यंत तुमच्या भागात अंधार पडल्यावर निघूच नये, असंच आमचं मत आहे. जोडट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो, असला तर चिखलाने भरलेला असतो, आणि तुमच्या दिव्यात काळपट उसाची मोळी आणि रात्र यांत फरक दिसत नाही.

आता दोन्ही वेळा गाडी का पडली ते. अशा पडण्याला लोक ‘तोल गेला’ म्हणून सोडून देतात, पण त्यामागे ठरलेली कारणं असतात आणि ती दुरुस्त होतात.

पेट्रोल पंपावर वळताना गाडी पडली, तेव्हा बहुतेक हँडल वळलेलं होतं, वेग चालण्याचा होता आणि तुम्ही पुढचा ब्रेक दाबला. वळलेल्या हँडलवर पुढचं चाक थांबलं की गाडीचं सगळं वजन वळणाच्या आतल्या बाजूला कोसळतं. त्यात पंपाच्या फरशीवर डिझेल सांडलेलं असतं. चालण्याच्या वेगाला वळताना फक्त मागचा ब्रेक वापरा, क्लच अर्धा धरून रेस किंचित ठेवा, आणि थांबण्याआधी हँडल सरळ करा. नजर चाकापुढच्या जमिनीवर नको, जिथे जायचंय तिथे हवी.

यवतेश्वरच्या चढावरची गोष्ट तुमच्या गाडीच्या रचनेतली आहे. तुमच्या बुलेटला मागचा ब्रेक डाव्या पायाला. चढावर थांबता तेव्हा डावा पाय ब्रेकवर आणि उजवा जमिनीवर असतो. इथपर्यंत ठीक. पण गाडी दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात असतानाच थांबलात, की पहिला टाकायला उजवा पाय उचलावा लागतो, म्हणजे डावा ब्रेकवरून काढून खाली टेकवावा लागतो. त्या क्षणी गाडीला फक्त पुढचा ब्रेक धरून असतो आणि चढावर पुढच्या चाकावर भार कमी असतो. गाडी मागे सरकते. शिवाय आपण डाव्या कडेला थांबतो आणि रस्ता डावीकडे उतरता असतो, म्हणून डावा पाय टेकवायला जातो तेव्हा जमीन अपेक्षेपेक्षा पाचसात सेंटिमीटर खाली सापडते. पंचविशीत गुडघा तो फरक सांभाळून घेतो. आता तो तसा घेईलच असं नाही. उपाय सोपा आहे: गाडी पूर्ण थांबण्याआधीच, सरकत असतानाच, पहिल्यात आणा. मग उजवा पाय खाली, डावा ब्रेकवर, क्लच दाबलेला, आणि पायांची अदलाबदल करायचीच नाही. जास्त वेळ थांबावं लागणार असेल तर गाडी पहिल्यात ठेवूनच इंजिन बंद करा आणि क्लच सोडून द्या. गिअरच गाडीला धरून ठेवतो.

पडायला लागलेली गाडी अडवू नका. ठरावीक कोनापलीकडे ती कुणालाच पेलत नाही, आणि पेलायला गेलेल्या माणसाचीच पाठ, मनगट किंवा घोटा जातो. हँडल सोडा, बाजूला व्हा. क्रॅशगार्ड त्यासाठीच आहे. उचलताना आधी इंजिन आणि पेट्रोलचा कॉक बंद करा आणि दोन माणसं बोलवा. घरी लावताना गाडीचं तोंड उताराकडे कधीच करू नका, मागे ओढता येत नाही. शेतात साइडस्टँडखाली फळीचा तुकडा ठेवा.

मुलाच्या प्रस्तावाबद्दल. त्याची काळजी खरी आहे आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, ही उत्तम गोष्ट आहे. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे. पण नवी बुलेट १९५ किलोंची, सीट ८०५ मिलिमीटर उंच, आणि गिअर डाव्या पायाला. तुमचा डावा पाय तीस वर्षं ‘दाबलं की थांबतं’ एवढंच शिकलेला आहे. रोजच्या चालवण्यात नवी सवय महिनाभरात बसेल. पण कुत्रं आडवं आलं की शरीर जुनी सवय बाहेर काढतं. डावा पाय दाबला जाईल, आणि नव्या गाडीवर त्याने ब्रेक लागणार नाही, गिअर खाली पडेल. मागच्या चाकाला हिसका, आणि थांबण्याचं काम अर्धवट. पायाने ब्रेक मारलाच नाही तर मागच्या चाकाचं एबीएस काय करणार? सगळ्यांत वाईट म्हणजे दोन्ही गाड्या घरात ठेवून आलटून पालटून चालवणं. ते तर मुळीच करू नका.

बदलायचीच असेल तर हलकी घ्या. स्कूटर घेतलीत तर पायांचा प्रश्नच मिटतो, दोन्ही ब्रेक हातात. वजन शंभर-सव्वाशे किलोंच्या आत, सीटवरून टांग टाकावी लागत नाही, म्हणून कंबर आणि गुडघ्याला सोपी. बाजार आणि बँकेसाठी ती खरंच चांगली. पण तिची चाकं १० किंवा १२ इंचांची, तुमच्या बुलेटचं पुढचं १९ इंचांचं. जो खड्डा बुलेट गिळून जाते त्यात स्कूटरचं चाक अडकतं. मेढ्याच्या रस्त्याला, विशेषतः पावसाळ्यानंतर, स्कूटर ४०च्या वर नको. ११०-१२५ सीसीची मोटारसायकल साधारण ११२ ते १२५ किलोंची असते, चाकं मोठी, पण पायांची अडचण तिथेही तीच. ती घेतलीत तर पहिले पाचशे किलोमीटर दिवसा, एकट्याने, गर्दी टाळून. आणि रोज निघण्यापूर्वी अंगणात दहा वेळा चालू गाडी उजव्या पायाने थांबवण्याचा सराव.

औषधांकडे येऊ, कारण तुमच्या यादीतल्या दोन गोळ्या गाडीशी थेट संबंधित आहेत. ग्लिमेपिराइडने साखर एकदम खाली जाऊ शकते. जेवण लांबलं, शेतात काम जास्त झालं, की दुपारी दोनच्या सुमाराला हात थरथरतात, घाम सुटतो, डोकं चालत नाही, आणि आपलं डोकं चालत नाहीये हे त्याच डोक्याला कळत नाही. निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर ९०च्या खाली आकडा असेल तर आधी खा, मग निघा. लांब जाताना दर दोन तासांनी तपासा. खिशात ग्लुकोज पावडर ठेवा. लक्षणं आली तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, तीनचार चमचे पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा नीट झाल्यावरही पाऊण तास गाडीवर बसू नका, मेंदूला सावरायला तेवढा वेळ लागतो.

दुसरी टॅमसुलोसिन. ती आणि बीपीची गोळी मिळून उठल्यावर चक्कर आणू शकतात. घरीच बघा: पाच मिनिटं शांत बसून बीपी घ्या, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. स्वतः गोळी बंद करू नका. आणखी एक, जे बरेच जण सांगायला विसरतात: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर टॅमसुलोसिन चालू आहे हे डोळ्यांच्या सर्जनना आधी सांगा. तिने बाहुलीचा पडदा शस्त्रक्रियेत सैल पडतो आणि त्यांना तयारी वेगळी करावी लागते. सर्दीसाठी दुकानातून सहज घेतलेली सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन झोप आणते. त्या दिवशी गाडी नको, सकाळी ताजंतवानं वाटलं तरी.

अ‍ॅस्पिरिनने गाडी चालवण्यात काही बिघडत नाही, पडल्यावर बिघडू शकतं. वयानुसार मेंदू किंचित आक्रसतो आणि कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. साधा मार लागला तरी त्यांतून रक्त झिरपू शकतं. हेल्मेट असलं तरी शक्यता पूर्ण जात नाही. लगेच काही जाणवत नाही. पंधरा दिवसांनी डोकं दुखतं, झोप येत राहते, बोलणं गोंधळतं, एका बाजूचा पाय ओढल्यासारखा होतो, आणि घरच्यांना वाटतं वयामुळे. म्हणून यापुढे डोक्याला मार लागला, ‘काही झालं नाही’ असं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा, अ‍ॅस्पिरिन चालू आहे ते सांगा आणि सीटी स्कॅनबद्दल विचारा. ही गोष्ट सौंना आणि मुलालाही सांगून ठेवा, कारण पंधरा दिवसांनंतरचा बदल त्यांनाच आधी दिसेल. वर्षभरात दोनदा पडलात, त्यांत डोकं आपटलं होतं का हे पत्रात नाही. आपटलं असेल आणि तेव्हापासून डोकं दुखत असेल, तर हे वाचून झाल्यावर आजच जा.

डोळ्यांची तपासणी या आठवड्यात करा. नुसती अक्षरं वाचून चष्म्याचा नंबर काढला की झालं, असं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मी मोटारसायकल चालवतो, रात्री दिपतं, आणि चार गोष्टी बघायला सांगा: मोतीबिंदू कितपत आहे, झोतासमोर दृष्टी किती उतरते, डोळ्यांचा दाब, आणि बाजूचं दिसण्याचा परीघ. काचबिंदूत समोरचं स्वच्छ दिसत राहतं आणि कडेचं हळूहळू जातं. गल्लीतून आलेली सायकल ‘एकदम कुठून आली’ असं वाटायला लागलं, तर दाब आणि परीघ दोन्ही तपासायलाच हवेत. साखर आहे म्हणून बाहुली मोठी करून मागचा पडदाही दरवर्षी बघायला हवा, आणि त्या दिवशी परत येताना गाडी चालवायची नाही, रिक्षाने या. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून खड्डा आणि पायरी धूसर दिसते. गाडीसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

मग मैदान. सुट्टीच्या दिवशी सकाळी एखादं शाळेचं किंवा बाजार समितीचं मोकळं आवार परवानगी घेऊन वापरा. सोबत कुणीतरी हवं. गाडीवर बसण्याआधी एका पायावर दहा सेकंद उभे राहा, मग दुसऱ्या. नाही जमलं, तर त्या दिवशी गाडी नकोच, आधी फिजिओथेरपिस्ट. मग गाडीवर बसून मान वळवा. मागे तिरकं तीनचार मीटरवर उभ्या माणसाने किती बोटं दाखवली ते खांदा फार न हलवता दोन्ही बाजूंनी सांगता आलं पाहिजे. जुन्या बुलेटचे आरसे इंजिन चालू असताना इतके थरथरतात की मान वळवण्याला पर्याय नाही.

चालत्या गाडीवर तीन गोष्टी बघा. खडूने १५ मीटरची रेघ आखा आणि ती दहा सेकंदांहून जास्त वेळ घेऊन, पाय न टेकवता पार करा. मग सात मीटर रुंदीत यू-टर्न. दोन लेनचा रस्ता साधारण तेवढाच असतो. आणि शेवटी ताशी ४०ने येऊन खुणेवर ब्रेक. तेरा मीटरच्या आत थांबलात तर उत्तम. सोळाच्या पुढे जात असाल तर दोष ब्रेकचा की हाताचा ते शोधा. बहुतेकांच्या बाबतीत हाताचा निघतो: पुढच्या ब्रेकला आपण इतके भितो की नुसता पाय दाबतो. फक्त मागच्या ब्रेकने ६०वरून थांबायला ४५ मीटर लागतात, दोन्हींनी २८. पुढचा ब्रेक चार बोटांनी, हँडल सरळ ठेवून, आधी हलका आणि वजन पुढे आल्यावर जोरात. पहिल्या सकाळी हे जमणार नाही. तीसएक वेळा केलंत की दुसऱ्या सकाळी जमेल. हे दर तीन महिन्यांनी करा आणि आकडे वहीत लिहा. आकडे घसरायला लागले तर वाद घालायला कुणी लागणार नाही, वही सांगेल.

गाडीचं काम मोजकंच आहे, पण तुमच्या हातांच्या वयाचं आहे. क्लच जड वाटत असेल तर आधी केबल बदला. जुन्या केबलचे तंतू आतून तुटून घासतात. नवी टाकताना हलकं इंजिन ऑइल आत सोडा, तिला कुठे तीव्र वळण पडू देऊ नका आणि लिव्हरला दोनतीन मिलिमीटर सैलपणा ठेवा. पुढच्या ड्रममध्ये लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेत का बघा, कॅमला थोडं ग्रीस, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावर केबल आणि आर्ममधला कोन ९० अंशांच्या पुढे जाता कामा नये. गेला तर कितीही दाबा, जोर वाया जातो. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी काढा, उन्हाने रबर कडक होतं. किक मारताना गाडी मेनस्टँडवर, सपाट जमिनीवर, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) वापरून, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आल्यावरच. किक उलटी मारत असेल तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे गेलंय, ते लगेच जुळवून घ्या. या वयात त्या एका फटक्याने गुडघा सहा महिने घेतो.

हेल्मेट आयएसआयचं, पूर्ण तोंड झाकणारं, शक्यतो हनुवटीचा भाग वर उचलता येणारं, म्हणजे चष्मा काढावा लागत नाही. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून शाबूत दिसलं तरी बाद. साठीनंतर सर्वांत महाग पडणारं हाड खुब्याचं, म्हणून जाकीट घेण्याआधी खुब्याला पॅड असलेली पँट घ्या. लोक उलटं करतात.

आता सौंबद्दल. त्या मागे बसायचं टाळतात, ही तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची माहिती आहे. मागे बसणाऱ्याला तुमचा ब्रेक उशिरा लागतोय, वळण रुंद जातंय, हे तुमच्या आधी कळतं, कारण त्यांचं लक्ष रस्त्यावर असतं आणि हातात काही नसतं. ‘भीती वाटते का’ असं विचारू नका, त्या ‘नाही’ म्हणतील. ‘गेल्या वर्षात कुठल्या ठिकाणी दचकलीस’ असं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. पुढे कधी त्या बसल्याच, तर हेल्मेट घालून, कायद्याने ते मागच्यालाही बंधनकारक आहे, दोन्ही बाजूंना पाय टाकून, दिवसा आणि गावातल्या गावात. एका बाजूला बसलं की वजन एकीकडे झुकतं आणि धक्क्याला धरायला काही राहत नाही.

लायसन्सचं आत्ताच हाती घ्या. मुदतीच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. पंचावन्ननंतर ते पाच वर्षांसाठी मिळतं आणि नमुना १-अ हे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ते नुसती सही म्हणून घेऊ नका, वरची गोळ्यांची यादी आणि बीपीचे आकडे घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. मुदत संपल्यावर वर्षाच्या पुढे गेलात तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. विम्यातलं चालक-मालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षणही वैध लायसन्स असेल तरच उपयोगी पडतं, म्हणून मधला एक दिवसही गाडी काढू नका.

काही गोष्टी झाल्या तर मात्र चर्चा न करता किल्ली मुलाकडे द्या: एकदाही शुद्ध हरपली, ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकलं आणि कुठे आहोत ते कळेना, तीन महिन्यांत दोनदा थोडक्यात वाचलात, किंवा ब्रेकवरचा हात सुन्न होऊन बोटं जाणवेनाशी झाली. यांतलं काही कायमचं असेलच असं नाही, पण कारण कळेपर्यंत गाडी बंद.

आणि गोवा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवसाच्या चालवण्याला हरकत नाही म्हटलं, मैदानावरचे तिन्ही प्रकार जमले आणि लायसन्स हातात आलं, तर जा. पण एका दिवसात नाही. पहिल्या दिवशी सातारा ते आजरा, साधारण दोनशे किलोमीटर, मुक्काम तिथे किंवा गडहिंग्लजला. दुसऱ्या दिवशी आंबोली उतरून सावंतवाडीमार्गे पणजी, सव्वाशेच्या आसपास. सकाळी आठनंतर निघायचं म्हणजे घाटातलं धुकं निवळलेलं असतं, आणि संध्याकाळी साडेपाचला गाडी बंद, पोचलेलो असू वा नसू. कोल्हापूर पट्ट्यात तेव्हा ऊस जोरात असतो, तुमच्या ट्रॉलीसारख्या तिथे शेकड्याने भेटतील. दर तासाला उतरा, पाणी प्या, दर दोन तासांनी साखर बघा. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक मधूनमधून सोडत, म्हणजे ड्रम तापून निकामी होणार नाहीत.

ग्रुपमध्ये मागे पडण्याची भीती हाच त्या प्रवासातला खरा धोका. निघण्याआधी मित्रांना सांगा: मी ६०च्या वर येणार नाही, कुणी माझी वाट रस्त्यावर बघायची नाही, ठरलेल्या चहाच्या ठिकाणी भेटू. हे ज्यांना मान्य नसेल त्यांच्याबरोबर जाऊ नका. खिशात औषधांची यादी, रक्तगट आणि मुलाचा नंबर लिहिलेला कागद ठेवा, फोन कुलूपबंद असतो. महाराष्ट्रात अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८, आणि दोन्ही राज्यांत ११२.

डोळ्यांचं उत्तर ‘आधी शस्त्रक्रिया’ असं आलं, तर फेब्रुवारीचा गोवा गाडीवरून नाही. मित्रांच्या मागून चारचाकीत बसून जा. हेल्मेट आणि धूळ कधीपासून चालेल ते सर्जन सांगतील. एकाच डोळ्याची झाली असेल तर दुसऱ्याची होईपर्यंत अंतराचा अंदाज चुकतो, तेव्हा मध्येच घाई करू नका. तपासणीचा निकाल आणि ४०वरून थांबायला किती मीटर लागले तो आकडा आम्हाला कळवा. आंबोलीचा घाट उतरायचा की आजऱ्याहून गाडी टेम्पोत टाकायची, ते त्यावरून ठरवू.